मोर्च्याच्या म्होरं

चाकूरच्या नरसिंगनं हलगी हाती घेतली आणि त्याचे वडील शेषेराव त्याच्याशी बोलेनासे झाले. शेषेराव शाळेत मास्तर. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांच्या वडिलांनी गावकीची हलगी आडात फेकली होती. "आजा ज्यातनं सुटला, त्यातच तू चाललास," एवढं बोलून ते भरल्या ताटावरनं उठले.

नरसिंगला ते पटलं नाही. लातूरला क्लासला असताना त्याची गुरुलिंगशी गाठ पडली. हा अडत्याचा पोरगा गिटार वाजवायचा कमी अन् ओरबाडायचा जास्त. क्लासातलीच शिवकांता गायची, तीही भांडल्यासारखी. गुरुलिंगनं मोबाईलवर चिडून, ओरडून गाणारा एक पंक बँड दाखवला तेव्हा नरसिंग म्हणाला, "हे तर लई ओळखीचं हाय." तिघांचा बँड जमला.

मग तो दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. टँकरपुढं घागरींची रांग अन् शेजारी हे तिघं, सरकारपासून देवापर्यंत सगळ्यांना गाण्यातून शिव्या घालत. रांगेतल्या बायांनी घागरीवर ठेका धरला. तो व्हिडिओ पसरला, पुण्या-बेंगलोरहून बोलावणी आली. वर्ष-दीड वर्ष नरसिंगच्या भोवती माणसंच माणसं होती.

पाऊस झाला, तसं ते गाणं कुणी मागेना. शिवकांता नोकरीसाठी हैदराबादला गेली. गुरुलिंग लग्न करून बापाच्या अडतीवर बसला. फोन केला तर "बघू की रे" म्हणायचा. नरसिंग चाकूरला परतला. घरात दोन माणसं, अन् बोलणं फक्त टीव्हीचं.

एक दिवस अमृतराव पुढाऱ्याचा निरोप आला. नवा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघणार होता, हलगी पाहिजे होती. नरसिंगनं आठ दिवस खपून नवं गाणं रचलं अन् सकाळच्या यष्टीनं मोर्च्याच्या गावी पोचला.

"गाणं कधी म्हणू?" त्यानं विचारलं.

"गाणं कशाला? तू मोर्च्याच्या म्होरं वाजवत चल." अमृतराव मोकळेपणानं हसला. "तुझा आजा बी असाच चालायचा म्हणं."

नरसिंगनं हलगी खाली घेतली. "म्होरं न्हाई चालणार. स्टेजवर माईक द्या."

"स्टेजवर पाहुणे हायत बाबा."

त्यानं हलगी पिशवीत घातली अन् स्टँडची वाट धरली. कुणी हाक मारली नाही. घोषणा तशाच चालल्या.

घरी शेषेराव पेपर वाचत होते. नरसिंगनं उभ्या उभ्या झालं ते सांगितलं.

"गाणं हाय का जवळ?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"म्हण. हलगी ऱ्हाऊ दे."

नरसिंगनं नुसतंच म्हटलं. शेषेराव पेपरातच बघत होते.

"तिसऱ्या ओळीत 'मागणं' म्हणलास. 'हक्क' म्हण. मागणं म्हणलं की भीक वाटती," ते म्हणाले अन् आत निघून गेले.

आता नरसिंग एकटाच गातो. नायगाव, देगलूर, जिकडं बोलावतील तिकडं जातो. पण स्टेज असेल तरच. शेषेराव अजून एकाही कार्यक्रमाला आलेले नाहीत.