बबलगमच्या कार्डांचा भाव

माझ्या मुलाचा फोन येणार की नाही, हे मी गेली दोन वर्षं क्रिकेटच्या कार्डांचा भाव पाहून सांगतो. भाव चढला की आठवड्यातून दोनदा येतो, पडला की महिना कोरडा जातो. वर्ध्याच्या बाजारात लोक कापसाचा भाव विचारतात, मी पिपरी मेघेतल्या माझ्या घरात सकाळचा चहा घेऊन मोबाइलवर कार्डांचा पाहतो. मला कार्डं विकायची नाहीत. मला फोन हवा असतो.

मंजुषा, म्हणजे माझी बायको, होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. ऋतिक पुण्याहून आईला फोन करायचा, मायलेकरं तासभर बोलायची आणि शेवटी ती विचारायची, "पप्पाशी बोलतं काय?" मी लांबूनच हात हलवायचो, ठीक आहे म्हण. तिकडून पठ्ठ्याही तेच म्हणायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघं उरलो. "जेवले काय?" "जेवलो. तू?" "हो." "बरं." याच्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. दोन शहाणी माणसं, पण मधला दुभाष्या गेला तर बोलायचं कसं?

मग एका रविवारी त्यानं विचारलं, "पप्पा, तुमच्यापाशी ते बबलगमचे कार्डं होते ना?"

होती. मी शाळेत असताना बबलगमच्या पुडीत एक कार्ड निघायचं. पुढे खेळाडू, मागे धावा. धावा जमल्या की कार्डं कंपनीला पाठवायची आणि बक्षीस मागवायचं. वर्गातल्या सगळ्यांनी पाठवली. मी नाही पाठवली, कारण हातातली वस्तू पोस्टाच्या डब्यात टाकून वाट पाहत बसणं माझ्या रक्तात नाही. म्हणूनच आता ती दुर्मीळ झाली म्हणे. माझ्या संशयी स्वभावानं आयुष्यात केलेलं हे एकमेव भलं.

ऋतिक स्वतः नव्या जमान्याची कार्डं जमवतो. त्यात चकाकी असते, खेळाडूची सही असते, एकात तर खेळाडूच्या शर्टाचा चौकोनी तुकडा होता. आमच्याकडे जुन्या शर्टाचं फडकं करून स्कूटर पुसतात. शिवाय कार्डांची काही बंद पाकिटं घेतो, ती हा फोडतच नाही. फोडलं की भाव पडतो म्हणे. म्हणजे आत काय आहे ते याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, तरी सगळे खूश.

"अन् ज्याचं कार्ड घेतलं तो पोरगा खेळलाच नाई तं?" मी एकदा विचारलं.

"तं पडलं कार्ड. मागच्या सीझनले माह्यं तेच झालं, पप्पा. तुमच्यावाल्यांचं बरं हाय. ते आता आऊटच नाई होत."

मी खो खो हसलो. तोही हसला. त्याच्या हसण्यात शेवटी एक बारीकशी उचकी येते, ती मला आजवर माहीतच नव्हती. ती ऐकून मला आनंद झाला आणि लाजही वाटली. तेव्हापासून मी भावाच्या पाठीच लागलो. चढला की पोटात बरं वाटायचं.

यंदा जुन्या कार्डांचे भाव एकदम उसळले आणि ऋतिक म्हणाला, "मी शुक्रवारी येतो, पप्पा. तुमचे कार्डं तपासायले पाठवू. ते लोक दहापैकी मार्क देतात अन् डबीत सील करून देतात. मंग पाहा भाव!" आईच्या वर्षश्राद्धानंतर तो घरी आला नव्हता. मी फोन ठेवला आणि उगाचच अख्खं घर झाडून काढलं.

झाडताना कार्डांचा पत्र्याचा डबा उघडला, तर आतून एक कसर सरसर पळाली. कागद खाणारी कसर! आता आमच्या घरात मोलाचा कागद जपायची एकच रीत आहे, मंजुषानं घालून दिलेली. लॅमिनेशन. ऋतिकची दहावीची मार्कशीट, त्याच्या लसींचं कार्ड, माझी नेमणुकीची ऑर्डर, सगळं कडक प्लास्टिकमध्ये. एकट्या आमच्याच घरात नाही. जिल्ह्यातल्या कोणत्याही घराचं कपाट उघडा, असा कडकडीत गठ्ठा निघेल. मी तसाच उठलो आणि बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

"काका, पतलं करू का जाडं?" दुकानातल्या हर्षानं विचारलं.

"जाडंच कर बाई. जन्माचं झालं पाह्यजे."

मशीनमधून एकेक कार्ड गरमागरम बाहेर आलं, चकाकत. हर्षानं कडा गोल कापून दिल्या. मी इतका खूश झालो की तिला चहा पाजला. म्हटलं, दहापैकी दहा कुठे गेले नाहीत आता.

संध्याकाळी त्या मार्क देणाऱ्यांचे नियम वाचायला बसलो. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, लॅमिनेट केलेली आणि कापलेली कार्डं घेतली जाणार नाहीत. खाली कोणीतरी माझ्यासारख्याच एका कार्डाचा फोटो टाकला होता आणि त्यावर एका शहाण्यानं एकच शब्द लिहिला होता, रद्दी. मी ब्लेड घेतलं आणि एका कार्डाचं प्लास्टिक सोलून पाहिलं. प्लास्टिकबरोबर फलंदाजाचं तोंड निघून आलं. बाकीच्यांना मग मी हात लावला नाही.

ऋतिकला कळवायला फोन हातात घेतला. सांगितलं तर तो काय करेल हे मला स्वच्छ दिसत होतं. चिडणार नाही, ओरडणार नाही. "बरं" म्हणेल आणि तिकीट रद्द करेल. माझाच मुलगा आहे. मी फोन खाली ठेवला.

शुक्रवारी तो आला. पिशवी ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "कुठी हाय डबा?"

"आधी जेव तं. पळून नाई जात डबा."

जेवल्यावर मी डबा ठेवलेल्या कपाटाची किल्ली सापडत नसल्याचं सांगितलं. किल्ली माझ्या खिशात होती. शनिवारी सकाळी तोही शोधायला लागला, गाद्या उचलल्या, फ्रिजवर पाहिलं, आणि शोधता शोधता स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. दुपारी मी वांग्याची भाजी केली. तिखट जास्त झालं. त्यानं नाक पुसत पुसत दोनदा घेतली. संध्याकाळी आम्ही अंगणात खुर्च्या टाकल्या आणि मी कार्डांशिवायच एकेका कार्डाची गोष्ट सांगितली, कोणतं कोणाशी अदलाबदल केलं, कोणत्यासाठी मार खाल्ला. तो ऐकत होता, मध्ये मध्ये हसत होता, शेवटची ती उचकी देत. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. आणि आतून जीव खात होता, की हे सगळं मी चोरून घेतोय.

रविवारी दुपारी त्याची गाडी होती. पिशवी भरून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"पप्पा, किल्ली द्या."

मी खिशातून काढून दिली. त्यानं किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपाट उघडून डबा काढला. वरचं कार्ड उचललं, वाकवून पाहिलं. वाकलं नाही.

"हे कधी केलं?"

"तू यायच्या आधी. कसर लागलीती डब्यात."

"अन् याचं आता काई येत नाई, हे मालूम होतं तुम्हाले?"

"त्याच रोजी समजलं."

"मंग फोनवरच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं आला असता काय तू?"

मला वाटलं आता भडकेल, आणि भडकला असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावायला तयार होतो. पण तो पलंगावर बसला आणि एकेक कार्ड पाहत गेला, अगदी शेवटच्यापर्यंत. मग सगळी नीट जुळवून माझ्या हातात दिली.

"कार्डाचं जाऊ द्या, पप्पा," तो खाली पाहत म्हणाला. "पण आता मी तुम्हाले फोन कायच्यासाठी करू?"

मी कार्डं डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. उत्तर त्यालाही सुचत नव्हतं, नाहीतर त्यानं विचारलंच नसतं.