मनुक्यांचं पाणी

शलमोननं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण लिव्हर गेलं म्हटल्यावर भिंगारात कोण ऐकून घेतंय? पोट फुगलेलं, डोळे पिवळे. लोकांनी निकाल लावून टाकला. जळो मेली त्यांची तोंडं, असं त्याची बायको मेरी मनात म्हणायची.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. फार वर्षांपूर्वी वर्कशॉपातल्या अपघातानंतर शलमोनला रक्त चढवलं, त्यातून 'सी' प्रकारची कावीळ शिरली. तेव्हा ती तपासताच येत नव्हती. "लिव्हरात काही पेशी गप्प पडून असतात, बाई. सूज हटली नाही की त्या जाग्या होतात आणि जखम बुजवायला धागे विणतात. विणतच राहतात. मग रक्ताला वाट उरत नाही, पाणी पोटात उतरतं."

"मग ते धागे उसवायचं औषध द्या की."

"अजून निघालं नाही. मीठ बंद करा, लघवीच्या गोळ्या द्या. फारच फुगलं तर पाणी काढू."

अळणी भाकरीचं शलमोनला काही वाटलं नाही. त्याला मरणाआधी चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला हवा होता, बस. पण त्यांच्या मंडळीची रीत कडक. पिणाऱ्यानं सगळ्यांसमोर पाप कबूल केल्याशिवाय प्याला नाही. पाळकसाहेब प्याला घेऊन दोनदा त्याला ओलांडून पुढं गेले. आणि त्या प्याल्यात तरी काय असायचं? द्राक्षारसाच्या जागी मनुके भिजवून, कुस्करून केलेलं पाणी, आणि तेही मेरीच करायची.

ती पाळकांकडं जाऊन रडली, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. "मेरीबाई, नवऱ्यावर पांघरूण घालणारच तुम्ही," ते मवाळपणे म्हणाले.

पुढच्या प्रभुभोजनाला शलमोन बाक धरून उभा राहिला. "व्हय, मी पीत हुतो," तो म्हणाला. "चोरून. मला क्षमा करा."

मंडळीला बरं वाटलं. पाळकांनी प्याला दिला आणि तिनंच केलेलं ते गोड पाणी शलमोन डोळे मिटून प्याला.

त्याच आठवड्यात तो गेला. पोरगी एंजेला शवपेटीजवळ यायला तयार होईना.

"पप्पांना शेवटचं बघ, बाळा."

"दारू पीत हुते ते."

"न्हाई गं. थेंबसुद्धा न्हाई. प्याला मिळावा म्हणून खोटं बोलले."

"पप्पा कधी खोटं बोलत न्हाईत, असं तूच म्हणायचीस," एंजेला म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तोवर माणसांनी पेटीवर झाकण ठेवलं.