शेवटची भाकर माझी

मित्रांनो, मी एक जुनी गावठी कुत्री आहे. रंग मातकट, एक कान उभा आणि दुसरा लोळलेला. नाव भुरी. जात मात्र विचारू नका. आजकाल आमच्या दारात येणारा जो तो तेवढंच विचारतो आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

माझा जन्म आदिलाबादच्या कापूस बाजाराच्या कुंपणाशी झाला. तिथे रेणुकाबाई वांगी आणि मेथी विकायला बसत. एके दिवशी मी त्यांच्या रिकाम्या टोपलीमागे चालत चालत गावाबाहेरच्या त्यांच्या मळ्यात आले. त्यांनी मला हाकललं नाही आणि बोलावलंही नाही. संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी थापून झाल्यावर शेवटची भाकर त्यांनी माझ्यापुढे टाकली. पहिली भाकर गाईची आणि शेवटची कुत्र्याची, अशी आमच्याकडची रीत आहे. परातीत उरलेल्या पिठाची ती भाकर जरा जाड असते, कडेला करपलेली असते. असू दे. ती माझी होती.

त्या भाकरीला मी जागले. मळ्यात शिरणारी रानडुकरं पळवली. वाफ्यात निघालेल्या नागावर एवढी भुंकले की शेजारचे लोक काठ्या घेऊन धावत आले. "भुरी हाय म्हनून घर हाय," असं रेणुकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेव्हा मी दुसरीकडे बघत असे, पण शेपूट काही माझं ऐकत नसे.

मग सुनेच्या डोक्यात धंदा शिरला. सून म्हणजे हर्षाली. बदली होऊन आलेले बँकेचे, कचेरीचे लोक गावाला जाताना आपली कुत्री-मांजरं कुठे ठेवायची म्हणून हैराण होतात, हे तिनं हेरलं. आपण ती सांभाळायची, असं तिनं ठरवलं. तिचा नवरा संतोष पोट धरून हसला.

"कुत्रे सांबाळाचे पैसे कोन देते वो? लोकं का पागल हायेत?"

"लेकरू ठेवाले पैसे देतेत ना? हे बी त्याहीचे लेकरंच हायेत," हर्षाली म्हणाली.

कापूस साठवायची खोली तिनं झाडून काढली, चुना मारला, पंखा लावला, आणि दारावर मराठीत आणि तेलुगूत पाटी टांगली. त्या पाटीवर मी खूप भुंकले. कुणी लक्ष दिलं नाही.

पाहुणे येऊ लागले. एक पोपट आला, तो दिवसभर माझीच नक्कल करून भुंकायचा. एक पांढरी मांजर आली, ती माझ्या पोत्यावर झोपायची. आयत्या बिळावर नागोबा! हर्षाली त्यांचे फोटो काढून मालकांना मोबाईलवर पाठवायची. मी मध्ये आले की म्हणायची, "भुरे, सरक तिकडं." मित्रांनो, त्या मोबाईलमध्ये माझा एकही फोटो नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण संध्याकाळी शेवटची भाकर माझ्यापुढे पडायची आणि मी गप्प बसायची.

आणि मग लड्डू आला.

कचेरीतल्या एका मोठ्या मॅडमचा तो कुत्रा. मॅडम घरच्या लग्नासाठी तिरुपतीकडे निघाल्या होत्या. लड्डू सोनेरी, गुबगुबीत, निर्मल गावच्या लाकडी खेळण्यासारखा चकचकीत. "हमारा लड्डू सब खाता है जी, कोई नखरा नहीं," असं सांगून मॅडम गेल्या. घरी लड्डूची आणखी दोन भावंडं आहेत आणि गाडीत तिघं मावेनात म्हणून ती दोनच लग्नाला सोबत नेली आहेत, हेही त्या जाता जाता बोलल्या. ते कुणी मनावर घेतलं नाही.

रेणुकाबाईंना पाहुणा म्हणजे पाहुणा, मग तो दोन पायांचा असो की चार. आधी पाहुणा जेवेल, मग घरचे. त्यांनी लड्डूला खोलीत पाटावर बसवलं, वाटीत दूधभात कालवला आणि दार ओढून घेतलं. कुणाचीही नजर त्याच्या ताटावर पडायला नको ना!

लड्डूनं वाटी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मॅडमनी दिलेल्या पिशवीतलं त्याचं महागडं खाणंही त्यानं शिवलं नाही. नुसतं पाणी प्यायचा आणि दाराकडे बघत पडून राहायचा.

हर्षालीचा चेहरा उतरला. "आत्याबाई, काऊन खाऊन नाई राह्यला हा? डॉक्टर म्हनते, बीमार नाई, पन पोटात काई गेलं पायजे. याले काई झालं त मॅडमले काय तोंड दाखवू? अख्ख्या आदिलाबादात बोंब होईन. मंग कोन ठेवते आपल्याकडं जनावर? पाटी काढूनच ठेवा लागते."

आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मित्रांनो, मी खूश झाले. निघू दे ती पाटी!

पण संध्याकाळी माझं हसू कुठल्या कुठे गेलं. रेणुकाबाईंनी शेवटची भाकर तव्यावरून उतरवली, त्यावर तूप सोडलं आणि ती लड्डूच्या खोलीकडे नेली. माझी भाकर! माझ्या भाकरीला उभ्या जन्मात कधी तूप लागलं नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहून त्या भाकरीकडे टक लावून पाहिलं. डोळे फाडून पाहिलं म्हणा ना.

रेणुकाबाई थबकल्या. "आ बाई! आता समजलं मले. नजर लागली पाहुन्याले, आन ती या भुरीची. पाह्य ना, कशी टकमक पाहून राह्यली, जळकुटी!"

त्यांनी मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या लड्डूवरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला. मग त्यांनी माझ्या गळ्यात सुतळी अडकवली आणि मला घरामागच्या कडुनिंबाला बांधलं. या घरात मी कधी बांधलेली राहिले नव्हते, मित्रांनो. नाग निघाला तेव्हा मी मोकळी होते, डुकरं आली तेव्हा मोकळी होते, आणि आज एका ऐतखाऊ पाहुण्यापायी माझ्या गळ्यात दोरी! मला रडू आलं. मग राग आला. रागाला दात असतात. मी सुतळी कुरतडली आणि सुटले ती थेट खोलीकडे.

हर्षाली वाटीत चुरलेल्या भाकरीचे तुकडे हातावर धरून लड्डूला विनवत होती. तो ढिम्म. मी तिच्या काखेखालून घुसले, वाटी ओढली आणि माझ्या भाकरीत तोंड घातलं.

"भुरे! हट! आत्याबाई, धावा वो!"

लड्डू उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि एकदम गुरगुरला. मग त्यानंही आपलं थोराड तोंड त्याच वाटीत खुपसलं. मी एक तुकडा ओढला की तो दोन ओढायचा. मी गुरगुरले की तो आणखी घाईनं गिळायचा. भाकर संपली, तेव्हा त्यानं पाटावर सांडलेला सकाळचा दूधभातसुद्धा चाटून घेतला.

रेणुकाबाई दारात हातात लाकूड घेऊन उभ्या होत्या. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"माय वो! नजर ना काई," त्या म्हणाल्या. "घरी तिघं जन एकमेकाच्या तोंडचं ओढून खात असतीन. आन मी याले एकट्याले पाटावर बसवलं! एकट्याच्या घशाखाली उतरते का घास?"

त्या दिवसापासून मी नोकरीला लागले. रोज माझी वाटी लड्डूच्या वाटीला खेटून ठेवायची, मी जळायचं आणि त्यानं जेवायचं. मला जळायला शिकवावं लागलं नाही. तो माझ्याजवळ झोपायला लागला तरी मी जळत होते. हर्षालीनं मॅडमला फोटो पाठवला, त्यात पहिल्यांदा माझाही कान आला, लोळलेला.

लग्न आटोपून मॅडम आल्या, प्रसादाचे लाडू घेऊन आल्या. लड्डू उडी मारून गाडीत बसला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. जा बाबा, सुटले एकदाची, असं मी म्हटलं.

संध्याकाळी शेवटची भाकर माझ्यापुढे आली. अख्खी. तूप लावलेली. तिच्यावर हक्क सांगणारं आजूबाजूला कुणी नव्हतं. मी एक तुकडा तोंडात घेतला आणि खोलीच्या दाराकडे पाहत राहिले. तुकडा खाली पडला.

"आत्याबाई, आता ही बी खाऊन नाई राह्यली!" हर्षाली म्हणाली.

रेणुकाबाई चुलीपुढून उठल्या, गुडघे धरत माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनी माझ्या भाकरीला हात घातला. "तुले नाई पायजे ना? मंग मी खातो."

मी गुरगुरले. साक्षात रेणुकाबाईंवर गुरगुरले! आणि सगळी भाकर खाऊन टाकली. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून हसत होत्या, आणि त्यांच्या बोटांना अजून पीठ होतं.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरात नवं कुणी आणाल तर खुशाल आणा. पण जुन्या जिवाला बांधून ठेवू नका. त्याच्या वाट्याचं त्याला वाढा आणि वाढून निघून जाऊ नका. जवळ बसा, आणि जमलं तर त्याच्या भाकरीला एकदा खोटा खोटा हात घाला.