मामांच्या पोरी

धोंडिराम वारला त्याला अठरा दिवस झाले होते, तेव्हा मालन त्याची पिशवी परत द्यायला आली. भांडुपला डोंगराच्या अंगाला असलेल्या चाळीत त्याच्या बायकोची, चंपाची खोली अगदी शेवटची. मालन दारातच उभी राहिली. पिशवीत शिट्टी होती, मैदान आखायच्या फक्कीचा डबा होता, आयोडीनची बाटली होती आणि गुडघ्याला बांधायला फाडलेल्या जुन्या चादरीच्या पट्ट्या.

"मामी, हे तुमचं," एवढं बोलून ती जायला वळली.

चंपानं तिला आत बोलावून बसवलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मालन एकोणीस वर्षांची, वस्तीतल्या मंडळाच्या खो-खो संघाची कॅप्टन. हळूहळू तिच्याकडून सगळं कळलं. येत्या रविवारी मुलुंडला सामने होते. धोंडिरामनं जानेवारीतच संघाचं नाव देऊन ठेवलं होतं. पण आता पोरींना घरून सोडायला कुणी तयार नव्हतं. संघातल्या शकुच्या वडिलांनी आधी नाही म्हटलं, मग त्यांचं बघून बाकीच्यांनीही. धोंडिराममामा होते म्हणून पाठवत होतो, असं सगळ्यांचं म्हणणं.

मालन गेल्यावर चंपा कितीतरी वेळ पिशवीकडे बघत बसली. या पिशवीचा तिनं अकरा वर्षं राग केला होता.

धोंडिराम आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होता. माणूस घरात रमणारा. कामावर जायच्या आधी नळावरून पाणी भरायचा, लेकीच्या, कमलच्या वेण्या घालायचा, मुलाचा, रतनचा अभ्यास घ्यायचा. चाळीतले पुरुष हसायचे, तर तोही त्यांच्यात हसायचा, पण हातातला कंगवा काही ठेवायचा नाही. संध्याकाळी तासभर आणि रविवारी सकाळी मात्र तो मैदानावर. एक पैसा न घेता वस्तीतल्या पोरींना खो-खो शिकवायचा. रविवारी नऊ वाजता मटण घेऊन घरी यायचा आणि स्वतः शिजवायचा. सामन्यांचे दिवस सोडले तर त्यात कधी खंड पडला नाही. तरी चंपाला वाटायचं, आठवड्याचा एक अख्खा दिवस तरी हा आपला असावा. सहासष्ट साली, रतन तान्हा असताना, ती एकदा फार चिडून बोलली होती. पुढच्या रविवारी तो तिला बरोबर घेऊन गेला आणि मैदानाच्या कडेला दगडावर बसवलं. पोरी धावत होत्या, पडत होत्या, बेंबीच्या देठापासून 'खो' ओरडत होत्या. चंपा रतनला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बघत राहिली. घरी येताना एवढंच म्हणाली की ऊन फार होतं. त्यानंतर ती कधी गेली नाही, आणि त्यानंही कधी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रतन-कमलला शेजारी ठेवून ती शकुच्या घरी गेली. शकुचे वडील राजाराम साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून नुकतेच आले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. चंपानं आडवळण घेतलं नाही. रविवारी पोरींना घेऊन मी जाते म्हणाली.

राजाराम म्हणाले, "वहिनी, तुम्हाला त्या खेळातलं काय कळतं?"

"खेळातलं पोरींना कळतं. त्यांनी शिकवलंय तेवढं. मला जायचा रस्ता कळतो आणि यायचा रस्ता कळतो. दिवेलागणीच्या आत तुमची शकु तुमच्या दारात असेल."

राजारामनी मान खाली घातली. शकु आतल्या पडद्याआड उभी होती, तिचे पाय तेवढे दिसत होते.

"धोंडिराम पण असाच बसला होता," राजाराम म्हणाले. "इथंच. शकुला खेळायला पाठव म्हणून चार वेळा आला. मी म्हटलं, बाबा, पोरीची जात, उद्या लग्न करायचंय, हातपाय मोडून घेतले तर? चौथ्या खेपेला म्हणाला, माझी बायको एकदा खेळ बघायला आली होती. तिला नववं वर्ष लागलं आणि घरच्यांनी तिचं पळणं बंद केलं. त्या दिवशी ती पोरींकडे बघत होती ना, ते मी बघितलं. माझी कमल मोठी झाली की तिच्या तोंडावर मला ते दिसायला नको. आणि तुझ्या शकुच्याही नको. दुसऱ्या दिवसापासून पाठवली."

नववं लागल्यावर पळणं बंद झाल्याचं चंपानं लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी सहज सांगितलं असेल. पण मैदानावर काय वाटलं, ते तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आणि त्याला ते ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं. इतके दिवस लोकांसमोर आवरून धरलेलं रडू तिला राजारामच्या घरात आलं. शकुची आई पाणी घेऊन आली आणि तिच्याजवळ बसून राहिली.

निघताना राजाराम म्हणाले, "न्या शकुला. बाकीच्या घरी मी येतो तुमच्याबरोबर."

रविवारी अकरा पोरी, चंपा, रतन आणि कमल बसनं मुलुंडला गेले. चंपानं भाकऱ्या, सुकट आणि कांदे बांधून घेतले होते. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थानं प्रशिक्षक कोण म्हणून विचारलं. मालननं धोंडिरामचं नाव सांगितलं. मग ते आता नाहीत हेही सांगितलं. गृहस्थानं पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी पंच आला नाही म्हणून सामना रद्द होत होता, तेव्हा धोंडिरामनं उन्हात दिवसभर पंचाचं काम केलं होतं आणि स्वतःच्याच संघाच्या विरुद्ध निर्णय दिला होता, ही हकीकत त्यानं चंपाला सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. त्या दिवशी घरी येऊन धोंडिराम फक्त पाय दुखतात म्हणाला होता.

पहिला सामना पोरींनी जिंकला. दुसऱ्यात समोरचा संघ घाटकोपरच्या एका शाळेचा, चांगला तयारीचा होता. शकुचा गुडघा फुटला. ती बाहेर आली तेव्हा चंपानं आयोडीन लावून पट्टी बांधली आणि बसायचं की खेळायचं ते तुझं तू ठरव म्हणाली. शकु पुन्हा आत गेली. तिनं सूर मारून दोघी बाद केल्या, तरी संघ तीन गुणांनी हरला. पोरी रडायला लागल्या. चंपानं त्यांना सावलीत बसवून भाकऱ्या वाटल्या. खाता खाता कुणीतरी मामांची नक्कल केली, शिट्टी तोंडात ठेवूनच ते कसे ओरडायचे त्याची, आणि रडणाऱ्या पोरी हसायला लागल्या. चंपाही हसली. रतन आईकडे बघतच राहिला.

परतल्यावर तिनं एकेकीला दारापर्यंत पोचवलं. अजून उजेड होता. राजाराम गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. गुडघ्याची पट्टी बघून त्यांनी शकुला जवळ घेतलं, आणि चंपाला विचारलं की पुढं काय.

"रविवारी सकाळी सात वाजता," चंपा म्हणाली. "मालन शिकवेल. मी बसेन तिथं. आणि हो, कमलला पण नेणार आहे."