आता मला उचल

आमच्या ह्यांनी महिनाभर दुकानं पालथी घालून संकटकाळासाठी पाठीवरची बॅग भरली: कुऱ्हाड, दोर, स्टोव्ह, तीन बॅटऱ्या आणि चक्क तंबू! आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. तंबू ठोकणार कुठे, हे विचारायची सोय नव्हती.

"आग लागली की लिफ्ट बंद. बॅग उचलायची आणि जिन्याने खाली," असं म्हणत त्यांनी ती पाठीवर चढवून दाखवली.

तेवढ्यात काठी टेकत सासूबाई आल्या. दोन वर्षं झाली, त्यांना जिना उतरता येत नाही.

"छान. आता मला उचल."

"अगं आई, तुला पाठीवर घेतलं तर बॅग..."

"सुनेच्या कडेवर तुमची जुळी पोरं असणार. बोल!"

हे खाली बसून एकेक वस्तू बाहेर काढू लागले. शेवटी पोटाशी बांधता येईल एवढंच उरलं: पाणी, एक बॅटरी आणि सासूबाईंच्या गोळ्या.

बाहेर पडलेला दोर मात्र सासूबाईंनी परत आत टाकला.

"तो कशाला?"

"मला पाठीला बांधायला. घाईत वस्तू विसरायची तुझी जुनी खोड आहे."