आढेवेढे

नेव्हिलनं मर्नाचा उजवा हात धरला, इंग्रिडनं डावा, आणि दोघांनी तिला बाकावरून उठवलं. सभागृहात हशा पिकला.

नव्या सभापतीनं खुर्चीकडे जाताना आढेवेढे घ्यायचे आणि दोघा सहकारी खासदारांनी ओढत न्यायचं, ही जुनी रीत. कधीकाळी इंग्लंडात राजाची मर्जी फिरली की सभापतीचं मुंडकं उडायचं. कॅनबेराच्या संसदेत आता त्यातली गंमत तेवढी उरली होती.

"जरा जोर लाव की," इंग्रिड कानाशी पुटपुटली. "तुला नकोय असं दिसायला हवं."

मर्नानं हिरव्या गालिच्यात पाय रोवले. लोक आणखी हसले.

काल संध्याकाळी पक्षनेत्यांनी, म्हणजे साहेबांनी, सभापती होतेस का असं विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. मागच्या बाकावर इतकी वर्षं काढल्यावर कोण नाही म्हणेल? गावाहून, वरीनाहून, आई मुद्दाम आली होती, वर सज्जात नवी टोपी घालून बसली होती. तरी मर्नाला रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळचा चहाही कपात तसाच राहिला.

वरीनाच्या नळाला उन्हाळाभर तपकिरी पाणी येत होतं. वरच्या अंगाच्या कापूसवाल्यांना नदीचं आणखी पाणी देणारं विधेयक गुरुवारी यायचं होतं. ते तिच्याच पक्षाचं होतं. 'मी विरोधात बोलणार,' असं तिनं गावच्या सभेत सांगून टाकलं होतं.

"एक बरं झालं बघ," नेव्हिल चालता चालता म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. "पाण्याची कटकट सुटली तुझी."

"सुटली म्हणजे?"

"सभापतीला कुठं बोलायचं असतं चर्चेत? मतही द्यायचं ते दोन्हीकडे समसमान मतं पडली तरच. आपले साहेब सकाळपासून खुशीत शीळ घालतायत."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. रात्रभर ती त्याच विचारानं कूस बदलत होती. खुर्चीत बसूनही गावासाठी काहीबाही करता येईल, अशी स्वतःची समजूत घालत होती.

पुढं खुर्चीच्या पायऱ्या होत्या. टेबलाखाली राजदंड ठेवलेला होता. ती खुर्चीत बसली की तो टेबलावर यायचा, मग ती सभापती झाली.

मर्नानं हात मागे ओढला. नेव्हिलनं पकड घट्ट केली. तिनं हिसका दिला, तशी बाहीची शिवण उसवली.

"पाय बांधून न्या रे तिला," विरोधी बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

दुसराही हात सोडवून घेऊन ती वळली, आपल्या जागेवर गेली आणि बसली. सभागृह हसून लोटपोट झालं. असे आढेवेढे कुणीच पाहिले नव्हते.

नेव्हिल धापा टाकत मागून आला.

"कमाल केलीस. चल आता."

"मी येत नाही, नेव्हिल."

"अगं, पुरे झालं नाटक. सभागृहाचे सचिव खोळंबलेत."

"त्यांना सांग, दुसरं कुणी बघा म्हणावं. मला गुरुवारी बोलायचंय."

त्यानं पुढे केलेला हात हळूहळू खाली आला. तो साहेबांच्या बाकाकडे बघायला लागला. साहेब अजून टाळ्या वाजवत होते.

वर सज्जात आईही डोळे पुसत हसत होती. मग ती कठड्यावरून वाकली आणि तिनं लेकीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अख्ख्या सभागृहात हसायची सगळ्यात आधी थांबली ती.