आठात तीन

मी एक जुनी पिशवी आहे. खरं सांगायचं तर मी विजारीचा पाय आहे. गणिताच्या बाईंच्या यजमानांची विजार फाटली, तेव्हा सासूबाईंनी तिचा एक पाय कापला, खालून शिवला, वरून नाडी ओवली आणि म्हणाल्या, "घे गं, तुझ्या शाळेला." दुसरा पाय लादी पुसायला गेला. नशीब म्हणजे काय, हे मित्रांनो, मला जन्मतःच कळलं.

माझ्या पोटात आठ गोट्या होत्या. तीन पांढऱ्या, पाच लाल. हाताला सगळ्या सारख्याच. एकोणीस वर्षं मुलांनी माझ्यात हात घातले, शाईचे, घामाचे, नाक पुसलेलेसुद्धा. आठ मुलांनी ओळीने एकेक गोटी काढायची, पांढरी आली तो जिंकला. बाईंचा नियम एकच होता. काढलेली गोटी खेळ संपेपर्यंत परत ठेवायची नाही.

एकदा मागच्या बाकावरची मुलगी रुसून म्हणाली, "बाई, माझा नंबर शेवटचा. सगळे आधी हात मारून घेणार आणि मला उरलंसुरलं!"

"अगं वेडाबाई, खेळ सुरू व्हायच्या आधी विचारशील, तर पहिल्याला जेवढी आशा तेवढीच शेवटच्याला. आठात तीन."

मुलीला काही पटेना. मग बाईंनी तोच खेळ शंभर वेळा मांडला. चार दिवस लागले, माझी एका बाजूची शिवण उसवली. शेवटच्या हाताला अडतीस वेळा पांढरी आली. बाईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती हसली. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं. हल्ली मला काही वाटत नाही.

पुढे मुलं कमी होत गेली आणि शाळा बंद झाली. शिक्षक आठ, दुसऱ्या शाळेत जागा तीन. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तुमची पिशवीच आणा. तिच्यावर कुणी संशय घेणार नाही." पांढरी आली तर नोकरी राहिली, लाल आली तर घरी बसायचं. बाईंचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, घर बाईंच्या एकटीच्या पगारावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येकाच्या घरी काही ना काही होतंच.

"पहिला हात माझा!" चित्रकलेचे सर पुढे घुसले. बाकीचेही पुढे सरसावले.

"घ्या तुम्ही आधी," बाई म्हणाल्या. "मी शेवटी काढते. फरक पडत नाही."

सरांना लाल आली. मग पांढरी, लाल, लाल, पांढरी, लाल. माझ्यात दोन गोट्या उरल्या, एक लाल, एक पांढरी. आता खेळाचे सर आणि बाई. सरांनी हात घातला, लाल धरली, सोडली, मग दुसरी धरली आणि वर काढली. ती पांढरी होती. आधी लाल हातात आली होती, हे फक्त मला माहीत आहे. मी काही केलं नाही. पिशवी काय करणार?

"बाई, आता राहू द्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझी पाळी आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात घातला. त्यांनी लाल गोटी काढून टेबलावर ठेवली.

खेळाच्या सरांना मान वर करवेना. "बाई, तुम्ही माझ्या आधी काढली असती तर..."

"तरी तेवढंच होतं सर. आठात तीन."

पांढऱ्या गोट्या ज्यांच्या त्यांनी खिशात घातल्या. लाल टेबलावरच राहिल्या. बाईंनी आपली तेवढी उचलली.

घरी यजमानांनी विचारलं, "काय झालं गं?" बाई म्हणाल्या, "चहा टाकते." पण चहा टाकला नाही. पलंगाच्या कडेला बसल्या आणि ती लाल गोटी त्यांनी माझ्यात परत ठेवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला. मला हलवलं, डोळे मिटले, हात घातला. लाल. परत ठेवली, हलवलं, काढली. लाल.

आता रोज दुपारी असंच चालतं. माझी शिवण पुन्हा सुटत आली आहे, तिचं मला काही नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी बाईंकडे आलात, तर त्यांची पाठ वळल्यावर माझ्यात एक पांढरी गोटी टाका.